एकट्याची शर्यत आणि सोबत्यांचें कर्तव्य

मनुष्याच्या आयुष्यांतील कांहीं कृत्यें अशीं आहेत कीं, तीं ज्याचीं त्यानेंच केलीं पाहिजेत. परीक्षेच्या दालनांत शेजाऱ्याची विद्या कामास येत नाहीं. दुखण्यांत आप्तांनीं कितीही उशापायथ्याशीं बसावें, वेदना ज्याची त्यालाच सोसावी लागते. आणि अखेरच्या प्रवासाविषयीं तर बोलावयासच नको. परंतु याच कृत्यांच्या तयारीकडे पाहिलें तर ती निव्वळ एकट्यानें केल्याचें उदाहरण क्वचितच आढळेल. विद्यार्थी चारचौघे मिळून अभ्यास करतात, पहिलवान तालमींत जोडीदाराशीं झुंजून तयार होतो, आणि मृत्यूस सामोरें जाण्याचें धैर्यसुद्धां मनुष्य बहुधा दुसऱ्यांना जातांना पाहूनच शिकतो. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, जें काम अखेरीस ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे, त्याच्या तयारींत सोबत्यानें काय करावें? त्यानें केवळ धीर द्यावा, कीं प्रसंगीं हात धरून थांबवावें? आणि थांबविण्याचा अधिकार त्याला आला कोठून? हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. पण आईबाप, गुरु, मित्र, वैद्य यांपैकीं कोणतीही भूमिका ज्याच्या वांट्यास आली आहे त्याला तो आज ना उद्यां सोडवावा लागतोच. आमच्यापुढें तो एका नव्या व थोड्याशा विक्षिप्त वाटणाऱ्या खेळाच्या निमित्तानें उभा राहिला. म्हणून त्या खेळाची थोडी ओळख आधीं करून देणें जरूर आहे.

या खेळास ट्रायथलॉन असें म्हणतात. पोहणें, सायकल चालविणें व धांवणें हीं तीन कामें एकामागून एक, मध्यें विसांवा न घेतां पुरीं करावयाचीं, हें त्याचें स्वरूप. त्याचा लांब पल्ल्याचा प्रकार हवाई बेटांत जन्मास आला. तेथील ओआहू बेटावर समुद्रांत लांब पोहण्याची, बेटाभोवतीं सायकल चालविण्याची आणि मॅरेथॉन धांवण्याची अशा तीन निरनिराळ्या शर्यती होत असत. या तीन जातींच्या खेळाडूंत खरा कणखर कोण, या वादांतून अमेरिकन आरमारांतील जॉन कॉलिन्स नांवाच्या अधिकाऱ्यानें तिन्ही शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना काढिली, व १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं ती प्रत्यक्षांत उतरली. त्या दिवशीं १५ जण निघाले आणि १२ जणांनीं शेवट गांठला. पहिला आला तो गॉर्डन हॅलर. त्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आज या पूर्ण शर्यतींत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, मग ४२.२ किलोमीटर धांवावें लागतें, आणि त्यास सामान्यतः १७ तासांची मुदत असते. याच्या बरोबर निम्म्या पल्ल्याची शर्यत गोव्यांत पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ सालीं प्रथम भरली, आणि साथीच्या काळांतील खंड वगळतां पुढेंही भरत आली. पुणें, मुंबई, कोल्हापूर वगैरे ठिकाणचे पुष्कळ मराठी लोक तींत उतरूं लागले आहेत. आणि त्यांत तरुणांइतकाच चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थगृहिणींचाही भरणा असतो.

या शर्यतीच्या नियमांकडे नीतिशास्त्राच्या अभ्यासकानें अवश्य पाहावें. तिचा मूळ बाणा असा कीं, स्पर्धकानें दुसऱ्याच्या बळावर पुढें सरकतां कामा नये. सायकलच्या टप्प्यांत पुढच्या गाडीच्या अगदीं मागें राहिल्यास वाऱ्याचा रोध ती गाडी सोसते व मागच्याचे श्रम बरेच वांचतात. म्हणून हौशी स्पर्धकांनीं दोन सायकलींत सुमारे १२ मीटर अंतर राखलें पाहिजे असा निर्बंध आहे, आणि तो मोडणाऱ्यास दंड म्हणून कांहीं मिनिटें खोळंबून राहावें लागतें. बाहेरच्या कोणीही वाटेंत खाणें-पिणें पुरवूं नये, बरोबर धांवूं नये. परंतु पोहण्याच्या टप्प्यांतील एक नियम याहून मार्मिक आहे. दमलेल्या पोहणाऱ्यास रक्षकाच्या लहान नावेस किंवा पाण्यावरील तरंगत्या खुणेस धरून श्वास घेण्याची मुभा आहे. मात्र त्या आधारानें तो वीतभरही पुढें जातां कामा नये. म्हणजे पुढें नेणारी मदत निषिद्ध, पण तगविणारी मदत विहित. हा भेद ज्यानें प्रथम नियमांत घातला त्यानें तो केवळ व्यवहाराच्या सोयीसाठीं घातला असेल. पण आमच्या मतें मैत्रीच्या साऱ्या शास्त्राचें बीज त्यांत आहे. त्याचा उलगडा पुढें होईल.

शर्यतीपूर्वीं महिना-सव्वा महिना शनिवार-रविवार गांठून एकत्र सराव करण्याची पद्धत या मंडळींत आहे. तिघांनीं तीन टप्पे वांटून घेण्याचीही सोय गोव्यांत असते, व आम्हीं एका जोडगोळीच्या आग्रहावरून पोहण्याचा टप्पा पत्करला असल्यामुळें अशा एका शिबिरास जाण्याचा योग आला. मंडळी अठरा. बहुतेकांचें पोहणें तलावांतलें, म्हणजे तळाची निळी रेघ पाहून सरळ जाण्याचें. समुद्रांत रेघ नसते, तळ दिसत नाहीं, आणि लाट तोंडावर आली कीं श्वासाचा ठेका बिघडतो. चार-सहा हातांनंतर डोकें वर काढून खूण कोठें आहे हें पाहावें लागतें. तें न केल्यास मनुष्य जोरानें आणि निष्ठेनें भलत्याच दिशेस जात राहतो. या शर्यतींतील आकस्मिक मृत्यूंपैकीं बहुसंख्य मृत्यु पोहण्याच्याच टप्प्यांत घडले आहेत, ही गोष्ट प्रशिक्षकांनीं पहिल्याच सकाळीं सर्वांस सांगितली. ती ऐकून दोघेतिघे पाण्याच्या कडेशींच घुटमळले. तेव्हां त्यांच्यांतल्याच एका बाई, ज्या आदल्या वर्षीं अशाच घुटमळल्या होत्या, त्यांच्या शेजारीं कमरेइतक्या पाण्यांत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं उपदेश केला नाहीं, कीं हात धरून ओढलें नाहीं. दहा मिनिटांनीं तिघेही पोहूं लागले होते.

एकत्र सरावाचा पहिला लाभ तो हाच. पुस्तकावरून न समजणाऱ्या शेंकडों बारीक गोष्टी शेजाऱ्याकडे पाहून समजतात. पंक्चर झालेलें चाक भर उन्हांत कसें काढावें. चालत्या सायकलवर केळें, चिक्की किंवा मिठाची गोळी केव्हां खावी. पाणी कमी पिणें जितकें वाईट तितकेंच तें बेसुमार पिणें कसें वाईट, कारण त्यानें रक्तांतील क्षाराचें प्रमाण उतरून प्राणावर बेतूं शकतें. सायकलवरून उतरतांच धांवूं लागल्यावर पाय आपले नव्हेतच असें कां वाटतें, व तें किती वेळ वाटत राहतें. हें सारें एकट्यानें शिकावयाचें म्हटलें तर अनेक वर्षें व अनेक अपघात लागतील. दुसरा लाभ असा कीं, आपल्या भीतीची इतरांच्या भीतीशीं तुलना करतां येते, आणि ती कांहीं आपली एकट्याची व्याधि नव्हे हें कळून मन हलकें होतें.

येथें वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो वाजवी आहे. ज्या मुलुखांत ऊसतोडणीचा मजूर पहाटेपासून कोयता चालवितो, तेथें पोट भरलेल्या लोकांनीं लाखाच्या घरांतील सायकली घेऊन, वर प्रवेशाचे पैसे भरून मुद्दाम घाम गाळावा, यांत पुरुषार्थ कोणता? आम्ही म्हणतों, नुसत्या घामांत कांहींच नाहीं. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मानसन्मानासाठीं व दंभानें केलेलें तें राजस. वेड्या हट्टानें देहास पीडा देऊन केलेलें तें तामस. आणि फळाची हांव न धरतां श्रद्धेनें केलेलें तें सात्त्विक. विशेष हें कीं, त्याच अध्यायांतील शारीर तपाच्या यादींत उपासतापासाचें नांव नाहीं. तेथें आहेत त्या शुचिता, सरळपणा, अहिंसा असल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टी. शर्यतीचें पदक गळ्यांत घालून काढलेलीं छायाचित्रें जगास दाखविण्यासाठींच जो धांवतो त्याचें तप राजस होय, आणि त्याविषयीं आम्हांस फारसें बोलावयाचें नाहीं. पण स्वेच्छेनें पत्करलेल्या कष्टानें जर मनुष्य स्वतःस अधिक ओळखूं लागला व दुसऱ्याच्या कष्टाविषयीं अधिक जागा झाला, तर ते कष्ट व्यर्थ म्हणतां येणार नाहींत. तेव्हां या खेळाची नैतिक किंमत घड्याळावर ठरत नसून, तो खेळतांना माणसें एकमेकांशीं कशीं वागतात यावर ठरते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रविवारीं सत्तर किलोमीटर सायकल आणि तिच्या पाठोपाठ दहा किलोमीटर धांवणें असा बेत होता. मिरामार ते दोना पावला या समुद्रालगतच्या रस्त्यावर मंडळी येरझारा घालीत होती. पोहण्यापुरतेच आलेलों असल्यामुळें आमच्याकडे पाणी देण्याचें काम होतें. ऊन चढलें होतें, हवा दमट होती, व वारा पडला होता. सातव्या किलोमीटराच्या सुमारास एक बँकेंतील अधिकारी, वय पंचेचाळिशीच्या आसपास, झोंकांड्या खात येऊं लागले. रस्त्याच्या कडेस सांवलींत बसलेल्या, आपलें धांवणें संपवून आलेल्या मंडळींनीं टाळ्या पिटल्या. "साहेब, तीनच राहिले! सोडायचं नाहीं!" असा एकच गजर झाला. त्या गृहस्थांनीं हात वर केला व पाय ओढीत ते पुढें निघाले. इतक्यांत प्रशिक्षक, जे वयानें साठीच्या घरांतले व पूर्वीं सैन्यांत नोकरी केलेले होते, त्यांच्या आडवे गेले आणि त्यांनीं विचारलें, "आज वार कोणता?" गृहस्थ म्हणाले, "सायकल तिकडे ठेवली आहे." प्रशिक्षकांनीं दंड धरून त्यांना खालीं बसविलें. मंडळींत एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनीं बर्फ व ओलीं फडकीं मागविलीं. उष्माघातांत शरीराचें आंतील उष्णतामान ४० अंशांच्या वर जातें व बुद्धि भ्रमते. अशा वेळीं रोग्यास ताबडतोब निवविणें हाच उपचार होय. गृहस्थ मात्र झटापट करूं लागले. "सोडा मला, हा माझा निर्णय आहे," हीं त्यांचीं वाक्यें तेवढीं स्पष्ट होतीं. त्यांना इस्पितळांत नेलें. संध्याकाळीं ते स्वतःच्या पायांनीं परत आले. पण प्रशिक्षकांशीं बोलले नाहींत.

रात्रीं जेवतांना जो वाद झाला तो आमच्या वर्गांतील कित्येक तासांपेक्षां सरस होता. त्या गृहस्थांनीं आपली बाजू शांतपणें मांडली. ते म्हणाले, "शर्यतीच्या दिवशीं माझा हात धरावयास कोणी येणार नाहीं. माझी मर्यादा कोठें आहे हें मला त्या दिवसापूर्वीं कळलें पाहिजे. ती शोधण्यासाठींच मी येथें आलों. तुम्हीं मला सातव्या किलोमीटरास बसविलें; आतां आठव्यास काय झालें असतें तें मला कधींच कळणार नाहीं." यावर दुसरे एक जण म्हणाले, "तर मग आपण एकत्र आलों कशाला? घरीं ज्यानें त्यानें आपापल्या मर्यादा शोधाव्या." दोन्ही पक्षांस माणसें मिळालीं. आम्हीं त्या वेळीं मौन धरलें. परंतु त्यानंतर या प्रश्नाचा जो विचार केला तो येथें देतों.

प्रथम स्वातंत्र्यवाद्यांचा आद्य आचार्य मिल्ल काय म्हणतो तें पाहूं. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लिबर्टी' या ग्रंथांत त्यानें एक दृष्टांत दिला आहे. मोडकळीस आलेल्या पुलावर कोणी अजाणतां पाऊल टाकूं लागला, आणि त्यास सावध करण्यास वेळ नसला, तर त्याला धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा खरा भंग होत नाहीं. कारण मनुष्याचें स्वातंत्र्य त्याला जें हवें तें करण्यांत आहे, आणि नदींत पडावें अशी त्याची इच्छा नसते. परंतु पूल पडेलच असें निश्चित नसून केवळ धोका असेल, तर त्याला इशारा द्यावा, आणि जावें कीं न जावें हें त्याच्यावर सोंपवावें. येथवर वाचून आमचे बँकवाले गृहस्थ आनंदित होतील. पण मिल्ल तेथेंच एक अपवाद जोडतो: तो मनुष्य मूल असेल, भ्रमिष्ट असेल, किंवा विचारशक्तीचा पूर्ण उपयोग करतां येऊं नये इतका एखाद्या आवेशांत वा तंद्रींत असेल, तर गोष्ट निराळी. वार विचारला असतां जो सायकलची जागा सांगतो तो या अपवादांत येतो, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. स्वातंत्र्याचा इतका कट्टा पुरस्कर्ताही त्या रस्त्यावर असता, तर त्यानें दंडच धरला असता.

तथापि एवढ्यानें प्रश्न संपत नाहीं. "हा माझा निर्णय आहे," असें म्हणणारा 'मी' कोण, हें पाहिलें पाहिजे. पहाटे चहा घेतांना तेच गृहस्थ आपल्या मुलीच्या बारावीविषयीं, घराच्या हप्त्यांविषयीं बोलत होते, त्यांना विचारलें असतें कीं, "दुपारीं तुमची शुद्ध हरपूं लागली तर काय करावें?" तर त्यांनीं निःसंशय "थांबवा" असेंच सांगितलें असतें. दुपारचा 'मी' त्या पहाटेच्या 'मी'चा वैरी झाला होता. होमरच्या महाकाव्यांतील ओडिसियसची कथा प्रसिद्धच आहे. ज्या बेटावरील गाणें ऐकून खलाशी आत्मनाश करून घेतात, त्या बेटाजवळून जातांना त्यानें स्वतःस डोलकाठीस बांधून घेतलें, व मी कितीही विनवण्या केल्या तरी दोर अधिक आंवळा, असें सोबत्यांस आधींच बजाविलें. त्याच्या सोबत्यांनीं त्या क्षणींची आज्ञा मोडून आधींची आज्ञा पाळली. आणि तीच खरी आज्ञा होती. सोबती म्हणजे आपल्या शहाण्या क्षणींचें वचन आपल्या वेड्या क्षणीं सांभाळणारा विश्वस्त होय. एकत्र सराव करण्याचें खरें कारण आमच्या मतें हेंच आहे. वाट दाखविण्यास नकाशाही पुरतो. पण आपण बरळूं लागलों आहोंत हें आपणांस सांगण्यास दुसरा मनुष्यच लागतो.

आतां गृहस्थांचा दुसरा मुद्दा, कीं शर्यतीच्या दिवशीं हात धरणारा कोणी नसतो. हें वस्तुतः खरें नाहीं. त्या दिवशींही वैद्यकीय अधिकाऱ्यास स्पर्धकास शर्यतींतून काढण्याचा अधिकार असतो. पाण्यांत रक्षकांच्या नावा असतात. म्हणजे एकट्याची म्हणून जी शर्यत आपण म्हणतों, तीही तगविणाऱ्या मदतीनें चारी बाजूंनीं वेढलेली असते. नियम फक्त पुढें नेणारी मदत नाकारतात. या भेदाच्या प्रकाशांत पाहिलें तर प्रशिक्षकांनीं नियमाविरुद्ध कांहींच केलें नाहीं. उलट टाळ्या पिटणारी मंडळीच एका अर्थानें निषिद्ध मदत करीत होती. स्वतःच्या शक्तीनें जो पुढें जाऊं शकत नव्हता त्याला ती शब्दांच्या धक्क्यानें ढकलीत होती.

प्रोत्साहन ही वस्तु आपल्या समाजांत निरपवाद चांगली मानली जाते. म्हणून तिच्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों. या खेळाच्या इतिहासांतील तीन प्रसंग घ्या. १९८२ च्या फेब्रुवारींत हवाईच्या शर्यतींत जूली मॉस ही तरुणी पहिली येण्याच्या बेतांत असतां शेवटाजवळ कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागें टाकून गेली. तरी जूलीनें रांगत रांगत शेवट गांठला. २०१६ च्या सप्टेंबरांत मेक्सिकोंतील कोझुमेल येथें, एका लहान पल्ल्याच्या शर्यतींत, जॉनी ब्राउनली उन्हानें झोंके खाऊं लागला, तेव्हां त्याचा वडील भाऊ अ‍ॅलिस्टर यानें त्याला खांद्यास धरून आणिलें, शेवटच्या रेषेपलीकडे आधीं लोटलें, आणि स्वतः मागाहून तिसरा आला. २०२० सालीं स्पेनमधील सँटांडेर येथें जेम्स टीगल हा रेषेच्या तोंडाशीं वाट चुकला. मागून येणारा दिएगो मेंत्रिदा रेषेपाशीं थांबला व त्यानें तिसरा क्रमांक टीगलला देऊन टाकला. जगानें या तिघांचीही वाहवा केली. मदत नाकारणारी, मदत करणारा आणि संधि नाकारणारा अशा तिघांची एकाच तोंडानें स्तुति करणें वरवर विसंगत दिसतें. परंतु त्यांत एक सूत्र आहे. तिघांनींही किंमत स्वतःच्या खात्यावर घातली. जूलीनें स्वतःचें शरीर पणास लाविलें. अ‍ॅलिस्टरनें व मेंत्रिदानें स्वतःचा क्रमांक सोडला. सांवलींत बसून "सोडूं नका" म्हणणाऱ्याचें मात्र कांहींच खर्ची पडत नाहीं. त्याचें प्रोत्साहन दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलेलें असतें. अ‍ॅलिस्टरच्या मदतीस नियमाच्या दृष्टीनें कोणी नांवें ठेवोत. पण तो बाजूला उभा राहून ओरडला नाहीं, एवढें खरें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, आम्ही धीर देण्याच्याच विरुद्ध आहों. श्रम आणि संकट या दोन गोष्टी भिन्न आहेत. पाय जड होणें, श्वास लागणें, "हें आपल्याच्यानें होणार नाहीं" असें मनांत येणें, हे श्रम होत. त्यांच्याशीं दोन हात करण्यासाठींच मनुष्य येथें आला आहे, आणि ते त्याच्यापासून हिरावून घेणारा सोबती त्याचा अपराधी आहे. ज्या बाई कमरेइतक्या पाण्यांत नुसत्या उभ्या राहिल्या त्यांना हें बरोबर कळलें होतें. उलट बुद्धि भ्रमणें, छातींत कळ येणें, तोल जाणें हें संकट होय. त्यांतून पार पडण्यांत धैर्याचा कांहीं संबंध नाहीं, केवळ दैवाचा आहे. अ‍ॅरिस्टॉटलनें धैर्यास भित्रेपणा व अविचारी साहस यांच्या मधोमध बसविलें, त्याचें मर्म हेंच. प्रत्यक्षांत सारी अडचण ही कीं, दोहोंमधील सीमा ज्याच्या शरीरांत ती ओलांडली जाते त्याला बहुधा दिसत नाहीं. शेजाऱ्याला दिसूं शकते, पण त्यानें डोळे उघडे ठेवून पाहिलें तरच. टाळ्या पिटण्याच्या भरांत तेवढेंच राहून जातें.

थांबविणाऱ्यासही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्यावांचून हें विवेचन एकांगी होईल. ज्याला थांबविण्याची एकदां गोडी लागली तो लवकरच दुसऱ्याचा पालक बनतो, व पालकत्वासारखी मादक वस्तु दुसरी नाहीं. म्हणून तीन पथ्यें पाळावीं असें आम्हांस वाटतें. पहिलें, कोणत्या लक्षणांवर थांबविलें जाईल हें आधींच सर्वांच्या संमतीनें ठरवावें. त्या शिबिरांत तसें ठरलें नव्हतें, आणि वादाचें निम्में कारण तें होतें. दुसरें, संकटाखेरीज केवळ श्रमासाठीं कोणास थांबवूं नये. तिसरें, मनुष्य शुद्धीवर येतांच त्याचा निर्णय त्याला परत द्यावा. पुढें शर्यतीस उतरावें कीं नाहीं हें त्याचें त्यानें, वैद्याच्या सल्ल्यानें, ठरवावें. सोबत्यांनीं त्यांत तोंड घालूं नये. पंढरीच्या वाटेवरील दिंडींत चालण्याचे व विसांव्याचे ठरलेले नेम असतात. म्हणून तेथें मागें पडलेल्यास थांबण्याची लाज वाटत नाहीं, आणि पुढें असलेल्यास थांबविण्याचा गर्वही वाटत नाहीं. शर्यतवाल्यांनीं दिंडीपासून एवढें तरी अवश्य घ्यावें.

आणखी एक गोष्ट उरते, ती कटु आहे. गृहस्थ म्हणाले त्यांत एक वाक्य निरुत्तर करणारें होतें: आठव्या किलोमीटरास काय झालें असतें तें त्यांना कधींच कळणार नाहीं. हें खरें आहे. ज्या अनर्थापासून मनुष्यास वांचविलें तो अनर्थ घडलेलाच नसल्यामुळें त्याचा पुरावा कधींच दाखवितां येत नाहीं. धीर देणाऱ्याला यश आलें कीं आभार मिळतात. थांबविणाऱ्याचें यश म्हणजे कांहींच न घडणें, आणि जें घडलें नाहीं त्याबद्दल आभार कोण मानणार? ते गृहस्थ त्या वर्षीं शर्यतीस उतरले नाहींत, आणि प्रशिक्षकांवरील त्यांचा राग आमच्या माहितीप्रमाणें अद्यापि गेलेला नाहीं. प्रशिक्षकांना आम्हीं एकदां याविषयीं विचारलें, तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "रागावलेत, म्हणजे आहेत." मित्राच्या जिवासाठीं मित्राची मर्जी घालविण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें सोबतीचा भार शिरावर घेऊं नये.

हा विचार खेळापुरताच राहता तर तो या पानांवर मांडण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु तीस वर्षें अध्यापन केल्यावर आम्हांस असें दिसतें कीं, आमचीं मुलें ज्या शर्यतींत धांवत आहेत तिच्या दोन्ही बाजूंस आम्ही वडील मंडळी सांवलींत बसून टाळ्या पिटीत आहों. "आतां थोडेंच राहिलें, ही एक परीक्षा, ही एक प्रवेशाची यादी," असा आमचा गजर अखंड चालला आहे. मुलगा पाय ओढीत पुढें जातो, हात वर करतो, आणि आम्हांस वाटतें कीं त्यास हुरूप आला. त्याला आडवें जाऊन "आज वार कोणता?" असें विचारणारा वर्गांत किंवा घरांत क्वचितच भेटतो. विचारलें असतां पुष्कळ मुलें बरोबर वार सांगतील, आणि त्यांना खुशाल धांवूं द्यावें. श्रमानें कोणी मरत नाहीं. पण एखादाच भलतें उत्तर देईल. त्या एकासाठीं प्रत्येकास विचारीत राहणें, हें वर्गाच्या दारांत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे, आणि त्यापायीं एखाद्या विद्यार्थ्याचा, कीं त्याच्या आईबापांचा, रोष आला तर तो पदरांत घेण्याची तयारी ठेवणें हेंही त्या कामांतच येतें.